पुढे सरकवलेला ट्रे

आमच्या चर्चच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. चपातीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे आणि इवल्या कपांतून काळ्या द्राक्षांचा रस, घरीच उकळून गाळलेला. ट्रे बाकावरून हातोहात फिरतो. एक गोष्ट लहानपणापासून आमच्या मनावर ठसवलेली आहे : कुणाबद्दल मनात अढी असेल तर आधी ती मिटवायची, मग भोजन घ्यायचं. मिटत नसेल तर ट्रे पुढे सरकवायचा. कोणी काही विचारत नाही. विचारायची गरजच काय, सगळ्यांना दिसतंच.

मला जरा जास्तच दिसतं. मी शेवटच्या बाकावर बसते, गुडघ्यामुळे असं सांगते. पाळकसाहेब डोळे मिटून आपापलं मन तपासा म्हणतात, तेव्हा मी एक डोळा मिटते. कुणाचं कुणाशी बिनसलंय हे अख्ख्या आळीत आधी मला कळतं.

तर माझी धाकटी जाऊ पावसाळ्यापासून ट्रे पुढे सरकवत होती. तिचं माहेर घाटघरचं, घर हिंदू. लग्नाआधी तिनं स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला होता. रविवारच्या शाळेत पोरांना तीच शिकवते आणि त्या तासावर तिचा लई जीव.

बायकांच्या प्रार्थनासभेत तिचा विषय निघाला. आमच्याकडे कुणाबद्दल बोलायचं असलं, की आधी 'तिची प्रार्थनेत आठवण करू या' म्हणायचं. मग काहीही बोलता येतं. एकीनं तिला शेजारच्या पूजेचा प्रसाद खाताना पाहिलं होतं. दुसरीनं पाहिलं नव्हतं, पण तिला पटलं. मी म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. आणि जी स्वतः भोजन घेत नाही ती पोरांना काय शिकवणार? हे सगळ्यांना इतकं पटलं की तिचा तास काढून घ्या असं पाळकसाहेबांना सांगायचं ठरलं. त्याआधी तिला समज द्यायचं काम मोठी जाऊ म्हणून माझ्याकडे आलं. मी काही नको म्हटलं नाही.

ती ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मी समोर बसले, एक छोटी प्रार्थना केली आणि विचारलं, "कुणाबद्दल अढी आहे गं तुझ्या मनात?"

"तुमच्याबद्दल," ती म्हणाली आणि निवडत राहिली.

मी विचारलं, मी काय केलं म्हणून.

"हे दवाखान्यात व्हते तेव्हा माझ्या आईनं यांच्या मनगटाला देवाचा दोरा बांधलेला. तुमी पर्समधली कात्री काढून कापलात."

माझा दीर टायफॉइडनं आजारी होता तेव्हाची गोष्ट. मला ती चांगली आठवत होती. चर्चमध्ये उभं राहून विश्वासाची साक्ष देतात, त्यात दोनदा सांगितली होती मी.

"दोरा बांधणं चूकच होतं," मी म्हटलं.

"असंल. मी आईला समजावून सोडवला असता. तुमी तिच्यादेखत कापून कचऱ्याच्या डब्यात टाकलात. ती तशीच स्टँडवर गेली. तेव्हापासून माझ्या घरी आली न्हाई."

"मग मला बोलायचं होतंस की."

"तुमाला?" ती म्हणाली.

मी घरी आले. आधी राग आला, मग लाज वाटली, लई वाटली. तिच्या मनात अढी होती म्हणून ती इतके महिने उपाशी राहिली. मी मात्र दर महिन्याला तुकडा घेत होते, तोही जरा मोठा बघून.

त्याच आठवड्यात आम्ही दोघी घाटघरला गेलो. तिची आई दारातच होती. मी बरंच काही पाठ करून गेले होते. तिथं नुसतं "चुकलं माझं" एवढंच आलं. म्हातारी म्हणाली, "बसा आदी." कोरा चहा दिला. माझ्या जावेनं ट्रेचं सांगितलं तेव्हा ती लेकीकडे बघत राहिली.

"मला काय तुमचं कळत न्हाई," ती मला म्हणाली. "पर समद्यांत बसून हिनं हातातलं पुढं सारायचं, ते माझ्यापायी नको."

"मग तुम्ही लेकीकडे का आला नाहीत?" मी विचारलं.

"बोलावलं कुनी?"

मी बोलावलं. पुढच्या महिन्यात ती आली, पहिल्या रविवारी आमच्याबरोबर चर्चलाही आली. शेवटच्या बाकावर मी कडेला, मध्ये म्हातारी, पलीकडे जाऊ. प्रार्थनासभेतल्या दोघी वळून वळून बघत होत्या. त्यांना काय दिसत होतं ते मला नीट माहीत होतं. पाळकसाहेबांनी डोळे मिटायला सांगितले आणि मी दोन्ही मिटले.

ट्रे जावेकडून आला. तिनं घेतलं होतं, तोंड हलत होतं. तिनं तो आईकडे दिला, आईनं दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला. तिच्या मनगटावर काळा दोरा होता. मी घेतलं.