मृणालचे डॅनिश वाडगे

मृणालच्या नवऱ्याचा, समीरचा फोन आला तेव्हा मी नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेपच्या सुपरमार्केटमध्ये रांगेत उभी होते. "मृणाल गेली... झोपेतच. हार्ट," एवढंच तो बोलला. वीस जणांच्या रांगेत मी मोठ्यानं म्हणाले, "काहीतरीच काय!" मैत्रिणीच्या मरणावरही मी आधी वैतागलेच.

पुण्यात डिझाईन शिकलेली, फेल्डहोवनला नोकरी करणारी मृणाल वैताग आणायचीच. कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरली की भांडी उलटी करून बघायची. जुन्या वस्तूंच्या दुकानांतून डेन्मार्कचे जुने प्लास्टिकचे वाडगे गोळा करायची. केशरी, शेवाळी, एकात एक बसणारे. मग आपला चहा गार होईपर्यंत व्याख्यान. "हा कान बघ, अंगठा आपोआप इथेच येतो. बुडाला रबराचं कडं, म्हणून सरकत नाही. समोर चोच. करणाऱ्यानं आधी हात बघितलाय, मग वाडगा केलाय."

मागच्या हिवाळ्यात सायकलवरून पडून माझं मनगट मोडलं. गाड्या बदलत ती भेटायला आली. मला वाटलं, आज आयतं जेवण. तर बाईंनी पिशवीतून केशरी वाडगा काढून माझ्यापुढे ठेवला.

"धिरडी कर."

"मृणाल, हात प्लास्टरमध्ये आहे माझा!"

"दुसरा मोकळा आहे ना?"

स्वतः मात्र हात मांडीवर घेऊन बसून राहिली. मी धुसफुसत एका हातानं पीठ फेटलं. वाडगा जागचा हलला नाही. चोचीतून पीठ तव्यावर नीट गोल उतरलं, तेव्हा ती इतकी खूश झाली की माझा राग आणखीच वाढला...

गेल्या रविवारी समीरला भेटायला तिच्या घरी गेले. चहा मीच ठेवला. चहात घालायला वेलदोडे हवे होते म्हणून मसाल्यांचा खण उघडला. प्रत्येक बरणीच्या झाकणाला रबरबँडचे जाड वेढे.

"हे काय रे?"

"झाकणांचं डिझाईन भिकार आहे म्हणायची," समीर म्हणाला.

त्यांची लेक दारात उभी होती. मराठी सगळं कळतं, बोलते डचमध्ये. हळूच म्हणाली, "आईची बोटं दुखायची. झाकण धरताच यायचं नाही. बाबांना सांगू नकोस म्हणाली होती... मावशीलाही."

समीर खुर्चीत बसला. जगातल्या प्रत्येक वाडग्याबद्दल आम्हाला पिडणाऱ्या या बाईला स्वतःच्या हातांबद्दल एक वाक्य बोलता येऊ नये?

बरणी घेतली. झाकण सहज फिरलं. चहा उतू गेला, तरी मी बरणी हातात धरून मृणालवर चिडत उभी होते.