मी 'बटण दाब' म्हणत होते

जानेवारीतला दुसरा गुरुवार. सकाळी उणकलच्या आमच्या शेडमध्ये मी फाटलेली ताडपत्री शिवत बसले होते. दाभण आणि सुतळी माझ्या हातात, ताडपत्रीचं दुसरं टोक माझ्या नणंदेच्या, सुमनच्या, मांडीवर. सुमन सप्तापूरला राहते, कॉलेजात शिकवून रिटायर झाली आहे. दोन्ही हात अडकलेले, म्हणून मोबाइल स्पीकरवर लावून ऑइलच्या ड्रमवर ठेवला होता. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जे झालं ते मी एकटीनं ऐकलेलं नाही.

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. या सदरातले अनुभव मी वाचते, पण हसायला. नवऱ्याच्या पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून आमचे दोन ट्रक मीच बघते. गाडीला लिंबू-मिरची ड्रायव्हर बांधतात, मी नाही. मला विचाराल तर ती नंबर प्लेटवर लोंबकळते आणि पोलीस अडवतात, एवढाच तिचा प्रभाव.

तर, फोन मारुतीचा होता. मारुती आमचा नवा ड्रायव्हर, अळणावरजवळच्या खेड्यातला. घरची थोडी शेती. आजवर ट्रॅक्टर चालवलेला, ट्रकवर येऊन जेमतेम महिना. त्या दिवशी गोणपाटाच्या गाठी भरून अळणावरच्या भाताच्या गिरणीकडे निघाला होता.

"अक्का, तो फिल्टरचा दिवा परत लागलाय. आता मिचमिचतोय. गाडी ओढतच नाही बघा."

"परत म्हणजे? आधी कधी लागला होता?"

"सोमवारपासून आहे की."

"सोमवारपासून! आणि आज सांगतोस?"

"त्याच्यावर स्टिकर लावला होता अक्का. डोळ्यांत येत होता. आता मिचमिचायला लागल्यावर कडेनं दिसला."

दाभण माझ्या बोटात घुसलं. सुमन हसायला लागली, मला हसू येईना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नव्या ट्रकांना धूर गाळणारा फिल्टर असतो. त्यात काजळी साठली की पुढे दिवा लागतो. मग गाडी उभी करायची, एक बटण दाबून धरायचं. इंजिन आपोआप रेस होतं, फिल्टर भट्टीसारखा तापतो आणि काजळी आतल्या आत जळून जाते. अर्ध्या तासाचं काम. पण ट्रॅक्टरवरून आलेल्या माणसाला, आपण पाय न देता इंजिन ओरडायला लागलं की धडकी भरते. मारुतीनं दोनदा बटण दाबलं होतं आणि दोन्ही वेळा घाबरून इंजिन बंद केलं होतं. हेही मला तेव्हाच कळलं.

त्याचा राग होताच, पण गाडी विकणाऱ्यांचा त्याहून जास्त. चावी देताना हार घातला, पेढा दिला, फोटो काढला. 'ड्रायव्हरला जरा समजावून सांगा' म्हटलं तर तो टायवाला पोरगा म्हणतो, "मॅडम, पुस्तकात सगळं आहे." पुस्तक इंग्रजीत!

तर मी ओरडूनच बोलत होते. सुमन साक्षीला आहे.

"गाडी बाजूला घे. घेतलीस? न्यूट्रल कर. हँडब्रेक ओढ. आता बटण दाब आणि धरून ठेव. इंजिन कितीही ओरडू दे, बंद करायचं नाही. मी फोनवर आहे. या वेळी चावीला हात लावलास तर उद्यापासून कामावर येऊ नकोस."

मग मारुती म्हणाला, "बरं अक्का. बंद करतो."

"बंद नाही! बटण दाब!"

"होय. चावी काढली."

सुमननं ताडपत्री खाली ठेवली.

"अरे मारुती, कान फुटले काय तुझे? बटण दाब म्हणतेय मी!"

"होय अक्का. पाण्याची बाटली घेतोय." मग थोडं थांबून, "नाही, हात नाही लावत. कोयता आहे की सीटखाली."

दार आपटल्याचा आवाज आला. मी ड्रमवरचा फोन उचलून तोंडाशी धरला आणि तोंडाला येईल ते बोलले. ते इथे लिहिता येणार नाही. तो मात्र मधूनमधून "होय अक्का", "बघतो अक्का" म्हणत होता... अगदी आज्ञाधारक. माझ्या एकाही वाक्याचं ते उत्तर नव्हतं.

मग त्याचा आवाज एकदम बदलला. "अगं आई गं..."

पाणी ओतल्याचा चर्र आवाज आला. खसाखसा काहीतरी कापल्याचा. बऱ्याच वेळानं धापा टाकत तो म्हणाला, "अक्का, खाली सगळं हुलग्याचं काड गुंडाळलंय. फिल्टरभोवती गच्च. एका बाजूनं काळं पडून धुमसत होतं. तुम्हाला तिथं बसून कसं कळलं?"

आमच्या भागात हुलगे काढले की शेतकरी ते रस्त्यावर पसरतात. गाड्या वरून गेल्या की मळणी आपोआप होते. शहाणा ड्रायव्हर कडेनं जातो, कारण ते वेल चाकांत आणि खालच्या दांड्यांत अडकतात. मारुती पडला शेतकऱ्याचा मुलगा. वाटेत जेवढ्या राशी दिसल्या तेवढ्यांवरून त्यानं गाडी सावकाश नेली. एका म्हातारीसाठी तर रिव्हर्स घेऊन दोनदा. पुण्य म्हणून! आणि त्या काडाच्या घरट्यावर भट्टी पेटवायला मी सांगत होते. वर कोरड्या गोणपाटाच्या गाठी. केबिनमध्ये तो. इंजिन बंद केलंस तर खबरदार, अशी माझी तंबी.

संध्याकाळी गाडी रखडत परत आली तेव्हा मी त्याला समोर उभा केला.

"काय काय ऐकलंस ते शब्दाला शब्द सांग."

"तुम्हीच बोलला की अक्का. 'थांब मारुती. बटण राहू दे. चावी काढ. पाण्याची बाटली घे, उतर आणि फिल्टरपाशी बघ. हात लावू नकोस, कोयता घे.'"

"मी ओरडत होते!"

"नाही अक्का. शांत बोलत होता. म्हणून तर मी घाबरलो. म्हटलं, अक्का शांत बोलतायत म्हणजे काहीतरी मोठंच आहे." मग मान खाली घालून म्हणाला, "तुम्ही ओरडला असता तर मी बटण दाबलं असतं."

सुमन म्हणाली, नेटवर्क असेल, दुसरा कॉल मध्ये घुसला असेल. मग त्या दुसऱ्या कॉलला मारुतीचं नाव कसं माहीत? गाडीखालचं काड कसं दिसलं? आता वाचकांतलं कोणीतरी एआयचा आवाज म्हणेल. अळणावरच्या रस्त्यावर माझ्या ड्रायव्हरसाठी एआय कोण बसवणार, बाबा? आमच्या दुसऱ्या ड्रायव्हरनं कोणाकोणाला नारळ फोडायचा याची यादी सुरू केली. त्याला मी हाकलला. नवरा पडल्या पडल्या म्हणाला, "तू शांत बोललीस हे मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकतोय." त्याच्याशी मी रात्री बोललेच नाही.

खरं सांगू? मला भीतीपेक्षा संतापच जास्त आला. मारुतीवर, त्या टायवाल्यावर आणि स्वतःवर. जानेवारीत रस्त्यावर हुलगे असतात हे मला काय माहीत नव्हतं? जन्म इथंच गेला. पण ते माझ्या डोक्यात आलं नाही आणि ज्याच्या कोणाच्या आलं, त्यानं माझा आवाज न विचारता वापरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी सिमेंटच्या मोकळ्या जागेत उभी करवली. आधी मारुतीला खाली घातलं, मग स्वतः वाकून बॅटरीच्या उजेडात बघितलं. काडीसुद्धा राहिली नव्हती. दिव्यावरचा स्टिकर नखानं खरवडून काढला आणि त्याच्या शेजारी केबिनमध्ये बसले.

"यापुढे फोनवर मी काहीही सांगितलं तरी आधी उतरून खाली बघायचं. कळलं? माझं ऐकायचं नंतर."

"होय अक्का."

बटण मी माझ्या हातानं दाबलं. इंजिन हळूहळू चढत गेलं, सगळी केबिन थरथरायला लागली. सवयीनं मारुतीचा हात चावीकडे गेला. मी ओरडणारच होते... पण त्याचा चेहरा बघितला आणि नुसतं म्हटलं, "राहू दे, मारुती."

तो दचकून माझ्याकडे वळला. चेहरा पांढराफटक.

"हाच," तो म्हणाला. "काल हाच आवाज होता."

दिवा विझेपर्यंत मी तिथेच बसून राहिले.