वानखडे सर आणि पिणारे पूर्वज

एकाच डिपार्टमेंटमध्ये बावीस वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. खरकट्या कपबशांसारखे ते टेबलावर साचत जातात आणि धुवायचं कोणी मनावर घेत नाही. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचा लॅब असिस्टंट होतो. आमचे हेड वानखडे सर. दारूबंदीच्या जिल्ह्यातला, आयुष्यात थेंबाला न शिवलेला हा माणूस, आणि अभ्यासाचा विषय काय, तर माणूस दारू प्यायला कधी आणि कसा लागला! सर आता नाहीत. रोज चार वाजता, चहाच्या वेळी, मला त्यांची आठवण येते.

•

नव्वदच्या दशकातली गोष्ट. फळांवरच्या माश्या वाढवायला सरांनी केळं, गूळ आणि यीस्ट कालवून दुधाच्या बाटल्यांत भरलं होतं. उन्हाळ्याचे दिवस. आंबलेला वास थेट गेटपर्यंत गेला आणि कोणीतरी पोलिसांत कळवलं. जमादार आले. गूळ, यीस्ट, बाटल्या, सगळा मुद्देमाल समोर!

"हे कोणासाठी हाय?"

"माश्यांसाठी," सर म्हणाले.

जमादारांनी बाटली डोळ्यांजवळ धरली. आत माश्या एकमेकींवर आदळत होत्या. त्यांनी निमूट कागद काढला आणि लिहिलं, "पिणारे: माश्या. संख्या मोजता आली नाही. सर्व नशेत."

सरांनी त्याची झेरॉक्स फ्रेम करून लावली.

•

वर्गात सर हा विषय रंगवून सांगत. "फळ जास्त पिकलं की त्यात थोडी दारू आपोआप तयार होते. आपले पूर्वज फळं खाणारे. ज्याच्या नाकाला तो वास दुरून कळला, त्याचं पोट आधी भरलं. पुढे पूर्वज झाडावरून उतरले आणि जमिनीवर पडलेली, आंबलेली फळं खाऊ लागले. मग यकृतही ती दारू पचवायला शिकलं. माणूस बाटलीकडे जातो ना, तो खरं तर अजून फळच शोधत असतो!"

एक मुलगी उठली. "सर, मंग तुम्ही काऊन पेत नाई?"

"आमच्या घरचं ते नाक माझ्या दादाच्या वाट्याला आलं," सर म्हणाले.

वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण मला लग्नाची गोष्ट माहीत होती.

•

ती अशी. सरांचे वडील लवकर गेले. दादांनी गावी, हिंगणीला, वांगी, टमाटे पिकवून, बाजारात बसून धाकट्याला शिकवलं. सरांच्या लग्नात दादा पिऊन आले. सगळ्या वऱ्हाडासमोर बाटली काढून त्यांनी मांडवाच्या खांबापाशी दारूची धार धरली आणि ओरडले, "बाबा, तुमचा पोरगा प्रोफेसर झाला!"

नवरदेवाच्या पायांवर शिंतोडे उडाले. सर म्हणाले, "याले बाहेर काढा. हा माहा कोणी नाई."

दादा स्वतःच गेले. तेव्हापासून बोलणं बंद.

बोलणं बंद, पण भाजी नाही! दर शुक्रवारी हिंगणीच्या एसटीतून वांग्यांची पिशवी यायची. रिकामी पिशवी परत पाठवायची सरांना लाज वाटे. मग ते काय करत? माकडं, फळं, यकृत, असल्या आपल्या नोट्स मराठीत लिहून पिशवीत घालत. वर नाव नाही, खाली सही नाही. दारू हा दादांचा एकट्याचा गुन्हा नाही, एवढंच त्यांना सांगायचं होतं, आणि तेवढंच वाक्य त्यांना लिहिता येत नव्हतं.

चार-पाच महिन्यांनी कंडक्टर पिशवी देता देता म्हणाला, "सर, भाऊंनं निरोप देला. म्हणे, माकडाईचं सारं समजलं. आता घरच्या पोराईचं बी लिवत जाजो."

सरांनी त्या दिवशी दोन तास कोणाला केबिनमध्ये येऊ दिलं नाही.

•

एकदा मार्चमध्ये आम्ही मुलांना घेऊन बोरच्या जंगलाकडे गेलो. मोहाची फुलं पडायचे दिवस. वाटेवरच्या पाड्यात एक म्हातारे गोंड बाबा अंगणात फुलं वाळवत बसले होते. सरांनी वही काढली. "बाबा, मोहाची दारू पहिल्यांदा कोणं काढली असंन?"

"काढते कोण? फुलं पावसात भिजली. फेकायले जीव झाला नाई. पाणी पेलो, त बरं वाटलं."

"घ्या!" सर मुलांना म्हणाले, "माझी सगळी वही बाबांनी चार वाक्यांत संपवली!"

बाबांनी हसत घरातून पानाचा द्रोण भरून आणला. प्यायच्या आधी द्रोण वाकडा करून थोडी जमिनीवर सोडली.

"सांडून राह्यली, बाबा," सर म्हणाले.

"सांडत नाई. माह्या बापाचा वाटा हाय. तो मेला म्हणून त्याले तहान लागत नाई का?"

सरांची पेन्सिल थांबली. परतताना ते गाडीत माझ्याशेजारी बसले होते. सेलू गाव मागे पडल्यावर एकदम म्हणाले, "दादा लहानपणापासून या पाड्यातल्या पोरांत खेळून वाढला. माझ्या लग्नात त्यानं सांडली नव्हती रे. आमच्या बाबाचा वाटा देला होता."

"मग जा ना सर. हिंगणी किती लांब आहे?"

"कोणत्या तोंडानं जाऊ?"

मला त्यांचा राग आला आणि दयाही आली.

•

आता शेवटचा किस्सा. हिंगणीच्या शाळेत माझा साडू मास्तर होता. त्याला सांगून मी सरांचं व्याख्यान ठरवलं, "माणूस दारू का पितो?" सरांनी नाही म्हणायची तीन कारणं शोधली. मी तिन्ही खोडून काढली.

हॉल भरला. शेवटच्या रांगेत पांढरी टोपी घातलेला एक उंच म्हातारा येऊन बसला. सरांनी पाहिलं आणि पहिलंच वाक्य दोनदा म्हटलं. तरी ते तासभर बोलले. माकडं, फळं, यकृत, मोह, सगळं झालं. मग सवयीनं म्हणाले, "काही शंका?"

टोपीवाले उठले. अगदी शुद्धीत, सरळ उभे.

"माणूस कवापासून पेऊन राह्यला, ते समजलं जी. भाऊ भावाशी कवापासून बोलत नाई, ते तुमच्या कोणत्या पुस्तकात हाय?"

आभार मानायला उठलेले मुख्याध्यापक पुन्हा खाली बसले.

सरांनी हातातला खडू टेबलावर ठेवला. पायऱ्या उतरून, सगळ्या शाळेच्या मधून चालत ते शेवटच्या रांगेपर्यंत गेले.

"दादा, जेवला का?"

"नाई ना. थांबलो हावो."