बांधावरचा दगड केदारच्या बर्फात

आमच्या माल्याच्या खिंडीतून परगावी निघालेला माणूस तिथल्या देवापुढच्या ढिगावर एक दगड ठेवल्याशिवाय पुढं जात नाही. दगड ठेवला की देव पायांचा शीण घेतो, अशी गावाची समजूत. त्या वैशाखात मी आणि माझी थोरली बहीण अक्का केदारनाथाला निघालो, तेव्हा अक्कानं तो ठेवलाच, मी नाही. पण त्याआधी घरून निघतानाही ती शेताच्या बांधाशी एकदा वाकलेली मी पाहिली होती. पौडला एस.टी. गाठायची घाई होती, म्हणून विचारलं नाही.

अक्का सत्तरीला टेकलेली. सारा जन्म भातखाचरात गेला. डावा गुडघा दुखरा, त्यामुळं चालताना ती डाव्या अंगाला कलते. मी पेन्शनीतला मास्तर, वयानं तिच्याहून लहान आणि तिच्यापेक्षा कितीतरी भित्रा. तिची हौस एकच. जन्मात एकदा बर्फ बघायचा, आणि तोही आपल्या पायांनी चालत जाऊन.

"पायांनी जमलं न्हाई तर माघारी फिरायचं," तिनं मला आधीच बजावलं होतं.

हृषीकेशच्या पुढं मोटार कड्याच्या अगदी काठानं जाऊ लागली. अक्का खिडकीतून खालची नदी बघत होती आणि मी डोळे मिटून बसलो होतो. मोटाररस्ता संपला आणि चालणं सुरू झालं. पहिल्या चट्टीवर (यात्रेकरूंचा मुक्काम) अक्कानं घरून आणलेला आंबेमोहोर शिजायला टाकला. पुढच्या चट्ट्यांवर जसजसं वर गेलो तसतसा तो शिजेनासा झाला. शेवटी आम्ही टणक भात डाळीत कालवून चावून चावून खाल्ला. "तांदूळ चांगला हाय," अक्का म्हणाली, "हितल्या इस्तवाला दम न्हाई."

एका वळणावर बुरांसाची (लाल फुलांचं डोंगरी झाड) झाडं फुललेली होती आणि त्यांच्या बुंध्याशी पहिला बर्फ पडला होता. अक्कानं चिमूटभर उचलून जिभेवर ठेवला. "मिठागत दिसतंया, पन चव न्हाई," म्हणाली आणि लहान पोरीसारखी हसली.

पुढं वाट सगळी बर्फातूनच होती. भातलावणीच्या चिखलात रोवतात तशी पायाची बोटं रुतवत अक्का चढत होती. मी मात्र नव्या बुटांनिशी दर चार पावलांना घसरून बसत होतो. वर तिचं गठुडं माझ्या खांद्यावर. एवढं जड काय भरलंय म्हणून मी मनातल्या मनात करवादत होतो.

शेवटच्या चढावर तिचा गुडघा धरला. पाऊल उचलेना. आमच्या मागून एक कंडीवाला (पाठीवरच्या टोपलीत माणूस बसवून नेणारा) रिकामाच येत होता. तो थांबला आणि म्हणाला, "माताजी, बैठ जाइए."

"त्येला सांग," अक्का मला म्हणाली, "मानसाच्या खांद्यावरनं एकदाच जायचं असतं. त्ये अजून लांब हाय."

मी त्याला नुसतं 'नहीं' म्हणून सांगितलं. ढग उतरत होते. मला भीती वाटू लागली. "अक्का, फिरू या माघारी," मी म्हणालो. तिचे डोळे भरून आले.

"माझं गठुडं दे हिकडं," थोड्या वेळानं ती म्हणाली.

तिनं लुगड्याच्या फडक्यातून एक काळा दगड काढला. आमच्याच बांधावरचा. माझं डोकंच फिरलं. "हिमालयात दगड घेऊन आलीस? हा सगळा डोंगर दगडांचाच आहे की!"

"कुटं हाय? दाव."

मी आजूबाजूला पाहिलं. खरंच, नजर जाईल तिथवर दगड म्हणून दिसत नव्हता. सगळं बर्फानं गिळलेलं. वर बर्फात ठेवायला दगड मिळत नाही, हे गावात आलेल्या एका बैराग्यानं तिला सांगून ठेवलं होतं. तिनं हातानं बर्फ सारखा केला, दगड ठेवला आणि हात जोडले. "घे रं देवा, येवढा शीण घे." मग बराच वेळ गुडघा चोळला, काठी टेकली आणि उठली.

वळण ओलांडलं आणि ढग फाटले. खाली इवलंसं देऊळ, आणि त्याच्या मागं आभाळ अडवून उभा असलेला पांढरा डोंगर. आयुष्यभर मी मुलांना हिमालय नकाशावर दाखवला. तो असा असतो हे मला माहीतच नव्हतं. मला रडू आवरेना.

अक्का काठीवर रेलून कितीतरी वेळ बघत राहिली. "येवढी जमीन," ती हळूच म्हणाली, "आन एक बांध न्हाई."

दर्शन करून उतरताना आम्ही त्याच जागी थांबलो. उन्हानं तापून दगडानं आपल्याभोवतीचा बर्फ वितळवला होता आणि तो स्वतःच्या खळग्यात बसला होता. शेजारी कुणी बुरांसाची डहाळी ठेवली होती, कुणी बर्फाचा गोळा. "बग, रुजला," अक्का म्हणाली.

माल्याच्या खिंडीत पोचलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. अक्का सावलीला टेकली. मी आपणहून वाकलो आणि ढिगावर एक दगड ठेवला. तिनं पाहिलं, पण चिडवलं नाही.

आता तिचे पाय ओटीपुढं जात नाहीत. एकदा मी सहज म्हणालो, "तिथला बर्फ आता वितळला असेल. एवढ्या दगडांत आपला कुठला, कोण ओळखणार?"

"मी वळकीन," अक्का म्हणाली. "काळा हाय. आन जरा डाव्या अंगाला कललेला, माझ्यागत."