हात न लावता

गुरुजींच्या छातीवर रॉड अडकला होता आणि ते पाय झाडत होते. मी धावलो. रॉड उचलून बाजूला ठेवला, त्यांना दंडाला धरून बसवलं. ठसका लागला होता म्हणून पाठीवरून हात फिरवला. ठसका थांबला. मग म्हणाले, “बास. हात काढ.”

मुरुम गावातल्या एका जिममधली गोष्ट. मी तिथं ट्रेनर होतो. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक, गावात मोठा मान. मी त्यांच्याच शाळेत शिकलो. बाकीच्या पोरांचा हात हातात धरून ते पाटीवर अक्षर गिरवून घ्यायचे. माझी पाटी लांबूनच बघायचे. दलित वस्तीतली पाटी. तरी अक्षर चांगलं आलं माझं.

त्याच संध्याकाळी मालकाने मला आत बोलावलं. कोपऱ्यातल्या झाडूचा दांडा उपसला आणि माझ्या हातात दिला. म्हणाला, “लोकांचं मन सांभाळावं लागतं बाबा. कुणाचं चुकलं तर ह्यानं दाखव. हात लावू नगं. माझा काय राग न्हाय तुझ्यावर.”

दुसरा ट्रेनर हातानेच शिकवायचा. त्याला दांडा नव्हता.

आणि मी काय केलं? घेतला. “व्हय” म्हणालो आणि घेतला. ही गोष्ट सांगताना मला मालकाची नाही, माझी लाज वाटते.

दोन वर्षं तो दांडा वापरला. कुणाचा गुडघा आत वळला की दांड्याचं टोक लावायचं. पण ढोराला टोचल्यासारखं वाटायचं ते. म्हणून मी बोलायला लागलो. टाच जमिनीत रुतव. डोक्यावर भरलेली घागर आहे असं समजून उठ. कोपर बरगडीला चिकटलेलं राहू दे. हळूहळू दांडाही लागेना. नुसत्या शब्दांवर माणूस सरळ उभा करायला लागलो.

लॉकडाऊनमध्ये जिम बंद पडली. परत उघडली तेव्हा मला बोलावणं आलं नाही. गरज सरो, वैद्य मरो. दांडा तेवढा माझ्याकडे राहिला होता.

घरी बसून काय करणार? पिठाच्या डब्याला फोन टेकवला आणि आईला स्टुलावर बसवून तिचा व्यायाम घेतला. लुगड्यातली बाई, दुखरे गुडघे. व्हिडिओ टाकला. जिमच्या दारातून परत फिरणारी जी माणसं असतात, ती बघायला लागली. जाड बायका. पोलिओचा पाय असलेला उमरग्याचा एक टेलर. चाकाच्या खुर्चीतला एक शिक्षक. मी व्हिडिओ कॉलवर एकेकाला शिकवायला लागलो. पेजवर माझं नुसतं नाव होतं. आडनाव टाकलं नव्हतं. ते वाचून लोक जात काढतील आणि जातील, ही भीती. दांडा देणारा मालक आता नव्हता, तरी मी दांडा धरूनच होतो.

मग ईट गावच्या सुमनताईंचा फोन आला. त्या जन्मापासून आंधळ्या. म्हणाल्या, “बाकीचे सर म्हणत्यात, असं करा, आता असं करा. मला ते ‘असं’ दिसत न्हाय. तुमी सांगता ते अंगाला कळतं.”

फोन ठेवल्यावर मी रडलो. बरं वाटलं म्हणून, आणि ही विद्या मला कुठून आली ते आठवलं म्हणूनही.

सुमनताईंनी माझे व्हिडिओ आंधळ्यांच्या ग्रुपवर पाठवले. तिथून काम वाढत गेलं. एकदा त्यांनी सहज विचारलं, “सर, तुमचं आडनाव काय?” मी गप्प. त्यांना गप्प बसणं बरोबर ऐकू येतं. म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या. रस्ता वलांडताना जो हात दील त्येचा म्या धरते. कुणाकुणाची जात इचारू?”

मी हसलो आणि विषय बदलला. त्या दिवशीही सांगितलं नाही.

गेल्या थंडीत एका बाईंनी सासऱ्यांसाठी वेळ मागितली. डावं अंग लुळं पडलं होतं, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता. व्हिडिओ लागला. खुर्चीत गुरुजी. तोंड एका बाजूला ओढलेलं, अंगावर शाल. त्यांनी मला ओळखलं. खूश झाले.

“तूच व्हय? बरं झालं,” ते हळूहळू म्हणाले. “ह्ये लई चांगलं निघालंय बघ. घरात यायचं न्हाय, शिवायचं न्हाय.”

हे ते रागाने म्हणाले नाहीत. कौतुकाने म्हणाले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी तरी शिकवायला लागलो. खांदा उचला म्हणालो. उचलला नाही. डावा हात मांडीवर पडून होता. माझ्याकडे सगळ्यांसाठी शब्द होते, त्या हातासाठी नव्हते. सून मदतीला आली, पण तिने तो मनगटाला धरून ओढला. गुरुजी कळवळले. कुठं धरायचं ते मला माहीत होतं. एक हात कोपराखाली, एक तळव्यात. आणि मी इकडे काचेच्या आड बसून नुसता बोलत होतो.

म्हणालो, “गुरुजी, हा हात धरून हलवावा लागंल. मी गावातच हाय. उद्या येतो. हात लावून शिकवीन. न्हायतर शिकवणार न्हाय.”

त्यांनी उजव्या हाताने शाल सावरली. मग म्हणाले, “सवय न्हाय रे.”

“मलाबी दांड्याची सवय नव्हती, गुरुजी. झाली.”

त्यांनी सुनेकडे बघितलं. “बंद कर ते.”

फोन बंद झाला. मला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. तो हात आता तसाच वाळत जाणार, आणि मला त्याचं दुःख होतं. अजून होतं. ज्याने माझा हात कधी धरला नाही, त्याच्या हातासाठी माझा जीव तुटावा, याचंही दुःख होतं.

त्याच दिवशी पेजवर आडनाव टाकलं. वस्तीचं नाव टाकलं. पहिला निरोप सुमनताईंना पाठवला. दोन दिवसांत माझ्याकडे शिकणारी बरीच माणसं न बोलता निघून गेली. एकाने लिहिलं, “सर, आधी सांगायचं होतं.” त्याचं खरं होतं. आधीच सांगायला हवं होतं.

आईने परवा त्या दांड्याला परत झाडू बसवला. मी बसवू दिला.

आता नवा माणूस आला की मी आधी आडनाव सांगतो. मग सांगतो, लांब असाल तर बोलून शिकवीन, जवळ असाल तर घरी येऊन हात धरून शिकवीन. चालत नसेल तर आत्ताच फोन ठेवा.

काही जण ठेवतात. ठेवू देत. मी हात मागे घेणार नाही.