बाबाजींनं ओतलेली बादली

पंपावर पेट्रोलचा वास आला का मले बोरगावचे ते म्हातारे बाबाजी आठवतात, ज्यायच्या घरी मी सयपाक करत होती. जवानीत ते शर्यतीत विमान उडवत, मंग पोरापोरींले विमान शिकवत. माह्या लेकीचे पाय जन्मताच वळलेले, प्लास्टर बदलाले दर हप्त्याले सावंगीच्या दवाखान्यात न्या लागे, नवऱ्याले सुट्टी नाई, अन् मले स्कुटीचं लय भेव. तेच म्हणाले, मी शिकवतो. रोज आंधी गाडीभवती फेरी माराले लावत, टायर दाबून पाह्य, ब्रेक ओढून पाह्य, मंग मांगं बसत. एक दिवस फाटकापाशीच उतरले अन् म्हणाले, "आता एकटी जाऊन ये." म्या म्हटलं, "पडली तं?" "मी मांगं असतो तं काय झेलतो तुले? माहीच कंबर मोडन." म्या इचारलं, "बाबाजी, शर्यतीत तुमाले भेव नाई लागे काय?" "लागे ना. म्हणूनच तं आंधी विमानाभवती फेरी मारत होतो." गेली, चक्कर मारून वापस आली, तं त्यायनं बादलीभर पानी माह्या डोक्यावर ओतलं. "येडे झाले काय, बाबाजी?" "पहिल्यांदा एकटं उडून येते त्याले आमी असंच भिजवतो." साडी बदलली, लेकीले पोटाशी बांधलं अन् सावंगीले गेली. आता निंगाच्या आंधी लेकच आपल्या पायानं गाडीभवती फेरी मारते, टायर दाबून पाह्यते, मंगच बसते.