तांड्यावर कोणतं नेट पोचतं

कापसावर पिठ्या ढेकूण ही कीड नवीनच आली होती, त्या सुमाराला मी घाटंजीच्या एका लहान संस्थेत काम करत होते. रोगट झाडाचा फोटो काढायचा, तो शहरातल्या कीटकतज्ज्ञ बाईंना ई-मेलने पाठवायचा आणि त्यांचं उत्तर शेतकऱ्यांना समजावून सांगायचं, हे माझं काम. पण तारेवरचं इंटरनेट आमच्या कचेरीपाशी संपायचं आणि शेतं त्याच्या पुढे होती. म्हणून साहेबांनी ठरवलं, की टेकडीपलीकडच्या तांड्यावर, समाजमंदिरात एक लॅपटॉप ठेवायचा आणि बिनतारी नेट घ्यायचं. कोणतं, ते मी शोधून सांगायचं.

यवतमाळला दोन दुकानं पालथी घातली. एकाने सीडीएमए पद्धतीचं, एकाच कंपनीच्या टॉवरवर चालणारं डेटा कार्ड दाखवलं. लॅपटॉपला खोचलं की पान झरकन उघडायचं. दुसरा जीएसएमवाला. साधा मोबाईल केबलने लॅपटॉपला जोडायचा, त्यावरचं जीपीआरएस वापरायचं. ते हळू चालायचं, पण सिम कोणत्याही कंपनीचं चालायचं. खरं सांगायचं तर मी मनातून कार्डाच्या बाजूची झाले होते.

तांड्यावर एक काका राहत. पोलीस खात्यात बिनतारी यंत्र चालवून निवृत्त झालेले. त्यांना मी सगळं सांगितलं.

"दुकानात बसून काय समजते, ताई?" ते म्हणाले. "जिथं चालवाचं हाये तिथं दोन्ही आणा ना."

मग दोन्ही चार दिवसांच्या बोलीवर आणली. काकांच्या मोटरसायकलवर मागे मी, मांडीवर लॅपटॉपची पिशवी. ठिकठिकाणी थांबून हवामानाचं एकच पान उघडायचं, घड्याळ बघायचं आणि वहीत लिहायचं. घाटंजीच्या बसस्टँडवर कार्डाने ते पान मी घड्याळाकडे नीट बघायच्या आत उघडलं. मोबाईलला तीन मिनिटं लागली. मी खूश. दुसरा नाला ओलांडला आणि कार्ड गप्प झालं. पुढे कुठे लागायचं, कुठे नाही. तांड्यावर समाजमंदिरात तर अजिबात नाही. मोबाईलवर मात्र सिग्नलच्या दोन काड्या होत्या आणि पान रखडत का होईना, उघडत होतं.

मी हिरमुसले. काका उलट रंगात आले. समाजमंदिराच्या गच्चीवर चढून त्यांनी टेकडीकडे बोट केलं. "कार्डाचा टॉवर तिकून हाये, टेकडीच्या आड. मोबाईलचा या बाजूनं. त्यात कार्डाचा दोष नाई." गच्चीवर खरोखरच कार्डाची एक काडी आली. "अशीच पकडून ठेवा," असं म्हणत त्यांनी मला लॅपटॉप डोक्याइतका उंच धरायला लावला.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारी ओल्या फडक्यात कापसाची फांदी गुंडाळून घेऊन आली. तिला सगळा तांडा याडी, म्हणजे आई, म्हणायचा. फांदीवर पांढरा कापूस चिकटवल्यासारखे ढेकूण. "आजच फवारू का?" एवढंच तिला विचारायचं होतं.

फोटो काढून मी गच्चीवर गेले. कार्डावरून तो भराभर अर्धा गेला आणि तुटला. पुन्हा पहिल्यापासून. असं तीनदा झालं. शेवटी खाली येऊन मोबाईल जोडला. वीस मिनिटं आम्ही तिघं त्या सरकणाऱ्या निळ्या पट्टीकडे बघत बसलो.

तेवढ्यात याडी काकांशी गोर बोलीत, म्हणजे तांड्याच्या बंजारा भाषेत, काहीतरी बोलली. काकांनी मला सांगितलं, "तिचं म्हणणं हाये, काही ढेकूण तपकिरी झालेत. फोडले तर आतून पोकळ. एकेकाले भोकही हाये. ते काय हाये म्हणते."

मी फांदीकडे पुन्हा पाहिलं. खरंच होतं. माझ्या नजरेतून ते सुटलं होतं. जवळून दुसरा फोटो काढला, पुन्हा वीस मिनिटं बसलो.

दुपारी उत्तर आलं. तपकिरी ढेकणांच्या पोटात एका बारीक माशीची अळी वाढते, ती त्यांना आतून खाते, तेव्हा आठवडाभर फवारणी थांबवून बघा. मी वाचून दाखवलं. याडीने लगेच विचारलं, "थे माशी दिसते का?"

हे तर मलाही हवं होतं. भिंग घेऊन आम्ही तिच्या वावरात गेलो. बराच वेळ काही दिसेना. मग याडीच म्हणाली, "हे पाह्य." पांढऱ्या ढेकणावर ठिपक्याएवढं काळं काहीतरी चालत होतं, थांबत होतं, शिंगं हलवत होतं. आम्ही पाळीपाळीने बघितलं. काका उठायलाच तयार नव्हते.

साहेबांना मी जीएसएम सुचवलं. त्यांनी यवतमाळात कार्डाचा वेग पाहिला होता, त्यामुळे त्यांना ते पटेना. "फोटो जायला वीस मिनिटं?"

"हो सर. पण गेला."

त्यांनी वही चाळली आणि होकार दिला. पुढच्याच वर्षी टेकडीच्या तांड्याकडच्या बाजूला कार्डवाल्यांचाही टॉवर उभा राहिला आणि तांड्यावर कार्ड छान चालायला लागलं. आपण घाई केली, असं मला वाटत राहिलं. काकांना बोलून दाखवलं तर ते म्हणाले, "तवा तो टॉवर होता का? नव्हता ना? मंग कायले जीवाले लावून घेता?"

याडीने ती फवारणी केली नाही. दहा-बारा दिवसांनी तिच्या वावरातले बरेचसे ढेकूण तपकिरी झाले. नंतर ती काही ना काही घेऊन येतच राहिली. एकदा नुसतं विचारायला आली होती, "आपला फोटो इतक्या लोकांच्या फोटोंतून त्या बाईलेच कसा सापडते?"

काकांनी काडीने जमिनीवर टॉवर काढले, रेघा जोडल्या आणि मधेच थांबले. "हे मले बी माहीत नाई," ते म्हणाले आणि दोघंही माझ्याकडे बघायला लागले. त्या आठवड्यात यवतमाळला गेले, तेव्हा जुन्या पुस्तकांच्या दुकानात मी नेटवर्कवरचं एक पुस्तक मागितलं.